जुनी भिंत, नवा पत्रा: सांध्यातली गळती दरवर्षी परत का येते

घराच्या मागच्या बाजूला वाढवलेली एक खोली, वर पत्रा, आणि तो पत्रा जुन्या भिंतीला जिथे भिडतो नेमकी तिथूनच गळती. सातारा, मेढा, पाटण, वाई या पट्ट्यात ही तक्रार इतकी सर्रास आहे की लोकांनी ती पावसाळ्याचाच एक भाग म्हणून सोडून दिली आहे. मे महिन्यात कोणीतरी वर चढतं, सांध्यावर डांबर किंवा सिमेंट थापतं. मृगाच्या सरी तेवढ्यावर निघून जातात. आषाढात झड लागली की भिंतीवर पुन्हा तोच ओघळ आणि खाली तीच बादली. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या थरावर आणखी एक थर.

हे दुखणं बरं होण्यासारखं आहे, आणि घरच्या घरी दोन माणसांना जमण्यासारखं आहे. फक्त एक गोष्ट आधी पक्की मनात घ्यायला हवी: हा सांधा चिकटवून बंद होत नाही. कौलं एकमेकांना चिकटवलेली नसतात, तरी पाणी आत येत नाही, कारण वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्येही तेच करायचं आहे. डांबर, एम-सील, सिलिकॉन, पांढरं सिमेंट ही सगळी चिकटवायची साधनं आहेत. त्यांच्यात दोष नसतो, त्यांना दिलेलं काम चुकीचं असतं.

वाट्याखाली काय सापडतं

गवंडी पत्रा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारून देतात. स्लॅबवर हा वाटा उत्तम काम करतो, कारण स्लॅब आणि भिंत दोन्ही जड आणि दोन्ही जवळपास सारखीच तापतात. पत्र्याचं तसं नाही. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावून बघा, लावता येत नाही. पहाटे तोच पत्रा गार असतो. लोखंडी पत्रा एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतो. सहा मीटरचा पत्रा आणि दिवस-रात्रीत ४० अंशांचा फरक धरला तर जवळपास ३ मिलिमीटरची हालचाल झाली. रोज पुढे, रोज मागे. भिंत मात्र जागची हलत नाही. मधल्या सिमेंटला ताण सोसायची सवय नसते, त्यामुळे त्याला केसाएवढी फट पडते, आणि झडीच्या पावसाला तेवढी फट पुरते.

जुना वाटा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून बघितला की सगळा इतिहास हातात येतो. वर काळं डांबर, त्याखाली एम-सीलची करडी पट्टी, त्याखाली सिमेंट, आणि सिमेंटचा तळ पत्र्याला जिथे टेकलेला होता तिथे पांढरी, पिठूळ भुकटी. बोटाने पुसली तर निघते आणि खाली पत्र्याचा रंग गेलेला दिसतो. हा पत्र्याचा पांढरा गंज. ओलं सिमेंट क्षारयुक्त असतं. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्यावरचं जस्त ते खातं, आणि हल्लीच्या बऱ्याच रंगीत पत्र्यांवर रंगाखाली ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असतो, त्यावर तर ते आणखी जोरात चढतं. वर फट असल्याने तिथे पाणी साचून राहतं. म्हणजे गळती थांबवायला मारलेलं सिमेंट चार-सहा पावसाळ्यांत पत्र्यालाच भोक पाडतं. त्यामुळे पत्र्याला सिमेंट लावू नका, अगदी थोडंसुद्धा.

सिलिकॉनचंही एक सांगतो. कापल्यावर ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन पत्र्यावर वापरू नये, त्यातलं आम्ल जस्ताला खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट मागा. थोडं महाग पडतं, पण फरक मोठा आहे.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा

थेंब जिथे पडतो तिथे भोक असेलच असं नाही. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने, पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पाईपावरून, कधी वायरच्या केसिंगवरून चालत जातं आणि भलतीकडे टपकतं. म्हणून वर चढण्याआधी गळतीची सवय बघायची.

पाऊस सुरू झाला की पाच मिनिटांत गळायला लागतं आणि थांबला की लगेच थांबतं, तर उघडं भोक आहे: सुटलेला स्क्रू, फाटलेला वॉशर, किंवा उघडा सांधा. पाऊस दोन-तीन तास झाल्यावर सुरू होतं आणि थांबल्यावरही रात्रभर झिरपत राहतं, तर पाणी पत्र्यातून नाही, भिंतीतून येतंय. फक्त वारा असलेल्या पावसात गळतं, सरळ पावसात नाही, तर पाणी उताराच्या उलट वर ढकललं जातंय. आणि पाऊसच नाही, तरी सकाळी सगळ्या पत्र्याला खालून थेंब लागलेले आहेत, तर ती गळतीच नव्हे. तो पत्र्याचा घाम. नवी खोली स्वयंपाकघर असेल, महाबळेश्वर-पाटणकडची गार हवा असेल आणि धूर-वाफ जायला जागा नसेल तर हमखास होतो. त्यावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा आणि पत्र्याखाली इन्सुलेशनची चादर लावण्याचा. सांध्यावर कितीही खर्च केला तरी तो घाम जाणार नाही.

यानंतर नळीची परीक्षा. ही कोरड्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये करावी. एक माणूस आत टॉर्च आणि खडू घेऊन उभा राहील, दुसरा बाहेर शिडीवर पाण्याची नळी घेऊन. पाणी नेहमी खालून वर मारत जायचं. आधी वळचणीकडचा खालचा पत्रा, मग पत्र्यांचे आडवे चढ (जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो), मग स्क्रूच्या ओळी, मग सांधा, आणि सगळ्यात शेवटी सांध्याच्या वरची भिंत. प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं द्या. घाई केली आणि थेट वरून नळी सोडली की पाणी सगळीकडूनच वाहतं आणि काहीच कळत नाही. आत थेंब दिसला की खडूने खूण करायची, नळी बंद करायची आणि तेवढाच भाग पुन्हा तपासायचा.

ही परीक्षा केली की बऱ्याच घरांत एक अनपेक्षित गोष्ट कळते. सांध्यावर पाणी मारेपर्यंत आत थेंब नाही, आणि नळी दोन-तीन फूट वर, खिडकीच्या खालच्या भिंतीवर नेली की आत ओघळ सुरू. गिलाव्याच्या चिरांतून पाणी विटांत शिरतं, विटांतून खाली उतरतं आणि सांध्याच्या मागून, आतल्या बाजूला बाहेर पडतं. सांधा सोन्याचा केला तरी हे पाणी थांबणार नाही. अशा भिंतीच्या चिरा व्ही आकारात खोदून क्रॅक फिलरने भरा, खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का ते बघा, आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटायला बारीक खाच ठेवा. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून सरळ भिंतीकडे येतं.

खोली कोणत्या दिशेला वाढवली आहे

आपल्याकडे पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो. घराच्या पूर्वेला वाढवलेल्या खोलीचा सांधा जुन्या घराच्या आडोशाला राहतो. तिथे थोडी हयगय झाली तरी निभावून जातं. पश्चिमेला वाढवलेल्या खोलीचं उलट आहे: जुनी भिंत पावसाला छाती देऊन उभी असते, भिंतीवरचं सगळं पाणी सांध्यावर उतरतं आणि वारा पत्र्यावरचं पाणी त्याच सांध्याकडे वर ढकलतो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावात ५०० च्या आसपास. म्हणून माणातल्या दहिवडीच्या पाहुण्याने सांगितलेली युक्ती मेढ्याला चालेलच असं नाही.

उताराचाही प्रश्न इथेच येतो. जुन्या घराची खिडकी आडवी येते म्हणून पत्रा तिच्याखाली बसवतात, आणि खालच्या टोकाला दार हवं म्हणून तेही खाली घेता येत नाही. दहा फुटांच्या खोलीला मग जेमतेम अर्धा-पाऊण फूट उतार उरतो. इतक्या चपट्या पत्र्यावर पाणी रेंगाळतं आणि दोन पत्र्यांच्या चढाच्या मधल्या बारीक फटीतून वर ओढलं जातं. माझ्या मते दहा फुटांना सातारा शहरात किमान दीड-दोन फूट उतार हवा, आणि मेढा-पाटण-महाबळेश्वरकडे तीन फूट. खिडकी आडवी येत असेल तर ती खिडकी लहान करायचा खर्च सोसावा. दरवर्षीच्या डांबरापेक्षा आणि कुजलेल्या पीओपीपेक्षा तो स्वस्त पडतो.

सांधा नव्याने कसा करायचा

काम पत्र्याच्या दोन पट्ट्यांचं आहे. खालची पट्टी पत्र्यासोबत हलणार, वरची भिंतीसोबत स्थिर राहणार, आणि दोघी एकमेकींना जोडायच्या नाहीत. सगळी मेख यात आहे.

आधी जुनं सगळं काढा. डांबर, सिमेंट, एम-सील खरवडून पत्रा साफ दिसला पाहिजे. पांढरा गंज तारेच्या ब्रशने घासून झिंक प्राइमर लावा. पत्र्याला भोकं पडली असतील तर तो पत्राच बदला, ठिगळ लावू नका.

मग पत्र्याचं वरचं टोक. प्रोफाइल पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधला जो सपाट भाग असतो, तो भिंतीकडच्या टोकाला रुंद तोंडाच्या पकडीने हळूहळू वर वाकवायचा, साधारण इंचभर, उभी कड तयार होईल असा. एकदम ओढला तर रंग तडकतो, म्हणून दोन-तीन वेळा थोडं थोडं करून वाकवा. वाऱ्याने वर ढकललेलं पाणी या कडेला अडून परत खाली जातं. हे काम फुकटचं आहे, पंधरा मिनिटांचं आहे आणि बहुतेक फॅब्रिकेटर (पत्रा बसवणारे) ते करत नाहीत. सांगितलं तर करतात, म्हणून आवर्जून सांगा.

खालची पट्टी एल आकाराची. भिंतीवर सहा इंच चढणारी आणि पत्र्यावर किमान आठ इंच येणारी. सातारा एमआयडीसीत किंवा कराडला पत्रा वाकवून देणारी दुकानं आहेत, त्यांना माप दिलं की करून देतात. पत्र्याच्याच जातीचा आणि लेपाचा पत्रा घ्या. ही पट्टी पत्र्याच्या उंचवट्यांवर स्क्रूने बसवायची, भिंतीला नाही. खाली उंचवट्यांच्या मधली तोंडं उघडी राहतात. तिथे प्रोफाइलच्या आकाराचा फोमचा पट्टा मिळतो, तो भरायचा. लांबी जास्त असेल तर दोन पट्ट्यांचा चढ सहा इंच, मध्ये ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी).

वरच्या पट्टीसाठी भिंतीत खाच मारावी लागते. खालची पट्टी भिंतीवर जिथे संपते त्याच्या थोडं वर दोरी धरून रेघ मारा आणि ग्राइंडरने एक इंच खोल खाच करा. केवळ गिलाव्यात मारलेली खाच उपयोगाची नाही, कारण गिलाव्यामागून येणारं पाणी तिच्या मागून निघून जातं. खाच विटेपर्यंत गेली पाहिजे. ब्रशने आणि पाण्याने धूळ काढा, वाळू द्या. पट्टीची वरची कड वाकवून खाचेत सरकवा, पत्र्याचे तुकडे दुमडून दर दीड-दोन फुटांवर पाचरीसारखे ठोका, आणि खाच पीयू सीलंटने भरा. ही पट्टी खालच्या पट्टीच्या उभ्या भागावर तीन-चार इंच उतरलेली हवी. तिला खाली स्क्रू मारायचा मोह होतो, कारण ती थोडी हलती दिसते. मारू नका. स्क्रू मारला की पुन्हा पत्रा भिंतीला बांधला गेला आणि पहिल्या उन्हाळ्यातच खाचेतलं सीलंट फाटणार.

दोन्ही टोकांना पट्टी बाजूच्या भिंतीच्या पुढे अर्धा फूट बाहेर काढा. टोकाशी तोकडी राहिलेली पट्टी कोपऱ्यात गळते आणि लोकांना वाटतं सगळा सांधाच वाया गेला.

ग्राइंडर आणि ड्रिलचा भुसा त्याच दिवशी पत्र्यावरून झाडून काढा. लोखंडाचे ते बारीक कण पहिल्या सरीत गंजतात आणि रंगीत पत्र्यावर तांबडे ठिपके पाडतात, तिथूनच पुढे पत्रा खायला सुरुवात होते. नव्या कोऱ्या पत्र्यावर वर्षभरात गंज दिसला तर कंपनीला दोष देण्याआधी हे तपासा.

स्क्रू आणि चढ

सांधा नीट करून झाल्यावर उरलेली गळती बहुतेक स्क्रूंची असते. रबराचा वॉशर स्क्रूच्या टोपीखालून किंचित बाहेर डोकावेल इतकाच दाबायचा. ड्रिल जोरात चालवून चेपला की तो फाटतो. सैल राहिला की वाऱ्यात पत्रा थडथडतो आणि भोक मोठं होतं. स्वस्त रबर आपल्या उन्हात लवकर कडक होतं, म्हणून ईपीडीएम (ऊन सोसणाऱ्या रबराचा) वॉशरच मागा. आडवा पाईप चुकवून मारलेला स्क्रू काढून टाकला तर त्याचं भोक रिव्हेट आणि सीलंटने बंद करा. तसंच सोडलेलं एक भोक आख्खी खोली ओली करतं. जुन्या नळीदार जीआय पत्र्यावर जे-हूक (पत्रा पाईपाला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट) कायम उंचवट्यावर, नाळीत कधीच नाही.

पत्रे बदलायचे असतील आणि उतार दक्षिणेला किंवा उत्तरेला असेल, तर मांडणी पूर्वेच्या टोकापासून सुरू करून पश्चिमेकडे जा. म्हणजे उभ्या चढाची उघडी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्यात शिरत नाही.

वळवाच्या भीतीने पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवतात. कृपा करून ठेवू नका. त्यांच्याखाली ओल राहून पत्रा गंजतो, आणि पत्रा उडालाच तर दगड कोणाच्या तरी डोक्यावर येतो. कडेच्या ओळींना स्क्रू जवळजवळ मारणं आणि पत्रा वळचणीला फूटभराहून जास्त बाहेर न काढणं, हाच वाऱ्यावरचा उपाय.

जुन्या छपराचं पाणी

काही घरांत जुन्या कौलारू पाख्याचं सगळं पाणी नव्या पत्र्यावर किंवा दोघांच्या मधल्या पन्हळीत पडतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ४० चौरस मीटरचा पाखा आणि तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाची सर धरली तर तासाला ४००० लिटर, म्हणजे मिनिटाला ६५ लिटरच्या वर. ते एका पातळ पाईपातून जाणार नाही. पन्हळीला ११० मिलिमीटरचा पाईप द्या, लांब असेल तर दोन्ही टोकांना. पानं पाईपाच्या तोंडाशीच अडकतात, म्हणून पन्हळ हाताने साफ करता येईल एवढी रुंद ठेवा आणि रोहिणी लागायच्या आत एकदा, श्रावणात एकदा साफ करा.

जुनी भिंत दगडाची किंवा मातीची असेल तर

काळ्या दगडाच्या भिंतीत सरळ रेघेत खाच मारता येत नाही. दगडांच्या दर्जा (दोन दगडांमधले सांधे) जिथे येतात तिथे पट्टीचे तुकडे पायऱ्यांसारखे बसवावे लागतात, वरचा खालच्यावर चढवून. वेळ लागतो, पण होतं. पांढरीच्या मातीच्या भिंतीला मात्र ग्राइंडर लावूच नका. तिथे जुन्या पाख्याचे वासे किंवा पत्रा पुढे वाढवून तो नव्या पत्र्याच्या वर फूट-दीड फूट आणायचा, म्हणजे सांध्यावर पाऊसच पडत नाही. मातीच्या घरांना हा एकच खात्रीचा मार्ग आहे असं मला वाटतं.

जुन्या आणि नव्या भिंतीत वरून खालपर्यंत उभी चीर पडली असेल, उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात अरुंद होत असेल, तर दुखणं खोलीच्या पायात आहे. कराड-सांगलीकडच्या काळ्या मातीत हे जास्त दिसतं: माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि कमी खोल पाया घेतलेली नवी खोली तिच्यासोबत वरखाली होते. तिथे सिमेंटने चीर भरू नका. जाणत्या इंजिनिअरला पाया दाखवा, आणि तोवर चिरेवर एका बाजूलाच बसवलेली पत्र्याची पट्टी ठेवा.

वर चढण्याआधी

ओल्या पत्र्यावर चढायचं नाही. पाय आडव्या पाईपाच्या रेषेवर, म्हणजे स्क्रूंच्या ओळीवरच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका. तो खालून धडधाकट दिसतो आणि पायाखाली फुटतो. त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासात गेल्यास घातक तंतू) असू शकतं, म्हणून तो ग्राइंडरने कापायचा नाही, सुका घासायचा नाही. विजेची सर्व्हिस वायर पत्र्याला टेकत असेल तर आधी महावितरणला कळवून ती हलवून घ्या, बाकी सगळं नंतर.

आत्ता पाऊस चालू असेल तर

झडीत ओल्या पत्र्यावर टेप, डांबर काहीच धरत नाही, पैसे वाया घालवू नका. उघडीप मिळाली आणि पत्रा वाळला की सांध्यावर जाड ताडपत्री टाका. तिची वरची कड भिंतीवर फूटभर वर घेऊन लाकडी पट्टीखाली खिळ्यांनी दाबा, खालची कड वळचणीला दोरीने बांधा. वायरिंगवर पाणी येत असेल तर त्या खोलीचा स्विच मेनपासून बंद करा.

आणि गळती चालू असतानाच आतल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा: पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओघळ आला, वारा कुठून होता, पाऊस थांबल्यावर किती वेळ गळत राहिलं. मार्चमध्ये गवंडी किंवा फॅब्रिकेटर येईल तेव्हा तो वर चढण्याआधी त्याला ही नोंद वाचायला लावा.